गोदामाच्या भिंतीवरचा उलटा बैल

मी खोटं बोलायचे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच फार शहाणी समजणार नाही.

दर रविवारी सकाळी मी वीस-पंचवीस माणसांना घेऊन मुंबई बंदराच्या पाठीमागच्या गल्ल्यांतून हिंडते. जुनी गोदामं, दगडी कमानी, गंजलेले वजनकाटे, बंद पडलेली खानावळ. लोकांना इतिहास हवा असतो आणि इमारती तर गप्प उभ्या असतात. मग मधली जागा मी भरून काढायचे. या जिन्यावरून एक खलाशी रोज संध्याकाळी बासरी वाजवत उतरायचा, त्या खिडकीत एक पारशी बाई बसायची. सांगताना माझी मलाच गोडी लागायची. ऐकणारे खूश, मी खूश, आणि इमारती काही कोर्टात जाणार नव्हत्या.

या फेरीतलं शेवटचं ठिकाण म्हणजे रुईच्या, म्हणजे दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी ठेवायचं एक जुनं गोदाम. आता रिकामं आहे. त्याच्या अगदी आतल्या भिंतीवर काळ्या रंगात बैल उमटवलेले आहेत. वीतभर लांबीचा एकेक बैल, गळ्यात घंटी, शेपूट उचललेली, एकावर एक, एकाला खेटून एक, असे शेकडो. सगळे उजवीकडे, धक्क्याच्या फाटकाकडे तोंड करून निघालेले. त्यांच्या खाली एका ठिकाणी ‘वाशीम’ असं छापलेलं आहे. आणि कोपऱ्यात, खाली, एकटा एक बैल आहे. तो तळहाताएवढा आहे आणि त्याचं तोंड डावीकडे आहे.

त्या एकट्यावर मी खूप टाळ्या मिळवल्या. एक कामगार भर दुपारी उभ्याउभ्या पेंगला, त्याच्या हातून बैलाचा आकार कापलेला छाप्याचा पत्रा उलटा पडला, मुकादमानं कानफटात दिली, आणि तेव्हापासून या बैलाला डुलकीबैल म्हणतात, असं मी सांगायचे. तीन वर्षं सांगितलं. लोक हसायचे आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे.

मग एका रविवारी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले होते. बरीच वर्षं नकाशे काढायचं काम केलेलं, असं नंतर कळलं. सगळे हसून झाल्यावर ते हळूच जवळ आले आणि म्हणाले, “बाई, पत्रा उलटा पडला तर बैल उलटा होईल. लहान कसा होईल?”

कपाळ माझं. तीन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या गृहस्थांनी पुढे काही विचारलं नाही, नमस्कार करून गेले, पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. रात्रीही तेच. डोळे मिटले की तो तळहाताएवढा बैल माझ्याकडे पाठ करून चालताना दिसायचा. त्यातच रखवालदारानं सांगितलं की उन्हाळ्याच्या आत गोदाम पाडणार आहेत. मी फोनवर त्या भिंतीचे फोटो घेतले. लहान बैलाशेजारी आकार कळावा म्हणून माझा हात ठेवून फोटो घेतला आणि जानेवारीत वाशीमला निघाले. तिथं माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची काकू राहते, एवढाच माझा आधार.

मेडशी

अकोल्यापर्यंतचा प्रवास सोडून देते, झोपूनच केला. अकोल्याहून सकाळच्या एसटीत बसले. पातूर मागे पडल्यावर टेकड्या लागल्या आणि धुकं इतकं दाट झालं की ड्रायव्हर काच पुसून पुसून वैतागला. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरं काहीतरी लटकलेलं दिसत होतं. मला आधी कोळ्याची जाळी वाटली. मग कळलं की कापूस. कापसाचे ट्रॅक्टर जातात, काटे चिमूटभर कापूस ओढून ठेवून घेतात. मैलोन्‌मैल ते पुंजके धुक्यात हलत होते. अर्धवट झोपेत मला वाटायला लागलं की हे असेच थेट माझ्या गोदामाच्या दारापर्यंत गेलेले असणार, आणि मी फक्त त्यांचा माग काढत उलट्या बाजूनं चालले आहे.

मेडशीला टायर बसलं. कंडक्टरनं जाहीर केलं की अर्धा तास लागंल, आणि त्यावरून मी ओळखलं की दीड तास लागेल. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी एक म्हातारी बाई पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी टेकले आणि न विचारता सोलायला लागले. आमच्या मुंबईत कुणाच्या शेंगांना असा हात लावला तर पोलिस बोलावतील. तिनं फक्त पोतं माझ्याकडे थोडं सरकवलं.

हिरव्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात. कच्चेच खाल्ले, गोड लागले. ती कुठली, मी कुठली, झालं. मी समुद्राजवळ राहते म्हटल्यावर तिनं विचारलं की पाणी खरंच खारट असते का. मी हो म्हटलं.

“मंग पेता येत नाई ते एवढं पाणी ठेवून कायले राह्यले तुमी तिथी?” ती म्हणाली. तिला खरंच उत्तर हवं होतं. एरवी मी काहीतरी रंगवून सांगितलं असतं, पण त्या सकाळी मी पुढची शेंग सोलायला घेतली.

तिला बैलाचा फोटो दाखवला. फोन लांब धरून, जवळ धरून तिनं पाहिला. तिच्या लहानपणी वाशीमच्या पिरेसमध्ये, म्हणजे कापूस दाबायच्या प्रेसमध्ये, तिचे मामा गाठी बांधायला जायचे, पोत्यांवर कसले कसले मार्के असायचे, हा बैलही असेल बा, असं ती म्हणाली. मग पदरात मावतील तेवढे सोले माझ्या पिशवीत ओतले. पैसे काढले तर रागावली. टायर लागायला दोन तास लागले.

वाशीम

सरोजकाकूंचं घर जुन्या बाजारात आहे, खाली कापडाचं दुकान आणि वर राहणं. जैन घर, पोथ्या असलेलं लाकडी कपाट, चकचकीत पितळी भांडी, आणि काकू म्हणजे सत्तरीतली बारीकशी बाई, दिवसभर पायांवर. माझ्या पिशवीतले सोले बघून त्यांना इतका आनंद झाला की मी काय साड्या आणल्या होत्या असं कुणालाही वाटावं. संध्याकाळी याचीच आमटी करते, म्हणाल्या, पण दिवे लागायच्या आत घरी ये.

दुपारी मी ती पिरेस शोधायला गेले. सापडायला वेळ लागला नाही, कारण धुराडं अजून उभं आहे. त्याच्या तोंडातून पिंपळ उगवला आहे, पानं उन्हात लकाकत होती. आत आता सोयाबीनची पोती असतात. तिथल्या दिवाणजींनी मला अख्खं आवार फिरू दिलं. विटांच्या लांबच लांब भिंती, वर तुळया, जमिनीवर सोयाबीनची पिवळी धूळ. मी प्रत्येक भिंत पाहिली. बैल नव्हता. भिंतींना इतके चुने झालेत की खाली काय आहे ते देवाला ठाऊक. पण त्या आवाराची लांबी-रुंदी, खिडक्यांची उंची, दाराची कमान, हे सगळं हुबेहूब माझ्या मुंबईच्या गोदामासारखं होतं. मी मध्यावर डोळे मिटून उभी राहिले तर मला क्षणभर भोंगा ऐकू आला, जहाजाचा. डोळे उघडले तर बाहेर ट्रक मागे घेत होते.

परतताना पद्मतीर्थ नावाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसले. पाणी हिरवं आणि अगदी स्तब्ध होतं. एक माणूस पायरीवर बसून कणकेच्या गोळ्या टाकत होता आणि मासे वर यायचे. गावात कधीकाळी एकशे आठ तीर्थं होती म्हणतात, बरीचशी आता घरांखाली गेली आहेत, असं तो म्हणाला. म्हणजे या गावाच्या पोटात पाणी आहे आणि वर माणसं भाकरी भाजतात, हे मला फार आवडलं. मी तिथंच बसून राहिले, घरांखालच्या पाण्याचा विचार करत. किती वेळ गेला कळलं नाही.

दिवे लागले तेव्हा धावत सुटले. काकूंनी दार उघडलं. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. ज्वारीची भाकरी, सोल्यांची आमटी, कांदा-लसूण काही नसताना इतकी खमंग आमटी मी आयुष्यात खाल्ली नाही. अर्धी भाकरी संपल्यावर मी विचारलं की काकू, तुम्ही जेवलात ना? त्या म्हणाल्या, जेव तू. तेवढ्यात त्यांच्या मिस्टरांनी बाहेरून सांगून टाकलं की हिनं वाट पाह्यली तुमची, दिवस बुडाला, आता सकाळीच.

सूर्य मावळल्यावर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. आमच्याकडे उशीर झाला तर फार तर आमटी गार होते. इथं माझ्या त्या तळ्याकाठच्या स्वप्नरंजनापायी एक सत्तरीची बाई उपाशी झोपणार होती. मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या की अगं, पाहुण्यांच्या आधी कसं बसणार, आणि आणखी एक भाकरी वाढली. मला रडूच आलं, पण खाल्ली, कारण न खाणं हे त्याहून वाईट झालं असतं.

निदान ताट तरी घासावं म्हणून मी मोरीपाशी गेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पत्र्याची धान्याची कोठी होती, माझ्या खांद्याएवढी उंच. आणि तिच्या झाकणाखाली, काळ्या रंगात, बैल. घंटीवाला. शेपूट उचललेला. उजवीकडे निघालेला.

ओल्या हातांनीच फोन काढला. घंटी गळ्याला दोन बारीक रेघांनी अडकवलेली होती, भिंतीवरच्यासारखीच. मी हाक मारली तशा काकू घाबरून आल्या. कोठी कुणी केली, विचारलं. रिसोडचा पेटीवाला, रहीमभाई, त्यांनी सांगितलं. लग्नात दिलेली आहे, त्याच्याच हातची, अजून पत्र्याला भोक नाही. सकाळी काकूंनी पारणं केल्यासारखा दुधाचा पेला घेतला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला, आणि मी रिसोडची गाडी पकडली.

रिसोड

रिसोडला बाजाराचा दिवस होता. सोयाबीनची, तुरीची पोती, ऑटो, म्हशी, गुळाच्या भेल्या, सगळ्यांवर तीच पिवळी धूळ. पेटीवाला रहीम म्हटल्यावर पहिल्याच माणसानं हात केला. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्याचं घर, आणि घराच्या पडवीतच दुकान. पत्र्याच्या पेट्या, कोठ्या, चाळण्या, आणि पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं छापायचे कापलेले पत्रे खिळ्यांना टांगलेले. वारा आला की ते एकमेकांवर आपटून बारीक आवाज करत होते.

रहीमचाचा पंचाहत्तरीच्या आसपासचे असतील. मोठाले कान, जाड भिंगाचा चष्मा, बोटांवर कापल्याच्या जुन्या खुणा. गुडघे गेलेले, त्यामुळे बैठकीवरून उठत नाहीत, सगळं सामान हाताच्या टप्प्यात मांडलेलं. मी मुंबईहून आले म्हटल्यावर त्यांनी कातर खाली ठेवली. घरात हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग विचारलं, “मुंबईत कुठी?”

बंदराजवळ, मी म्हटलं. आणि भिंतीचा फोटो पुढे केला, मोठ्या बैलांचा.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्या पाठीमागच्या खिळ्यावरचा सगळ्यात जुना पत्रा काढून माझ्या मांडीवर ठेवला. जस्ताचा, कडा झिजलेल्या. बैल.

“अब्बाचा हाय, घरी ठेवून गेलेला जुना,” ते म्हणाले. “पाह्य ना, घंटीले दोन जोड, न कापलेल्या पट्ट्या. एका जोडानं भागते. पण दुसरा ठेवला त पत्रा लवकर तुटत नाई. हे फक्त आमचे अब्बा करत. मी त्यांच्यावरून शिकलो, नाईतर दुनियेत कोनी नाई करत.”

वडिलांचं नाव हमीद. पिरेसमध्ये मार्के कापायचे. दिवाळी झाली की गाठींबरोबर तेही मुंबईला जायचे, कारण रेल्वेत घासून मार्के पुसट व्हायचे आणि बंदरावर नव्यानं मारावे लागायचे. पाऊस यायच्या आत परत. दरवर्षी तसंच. रहीम सहा वर्षांचा असताना ते गेले. निघताना पोरानं बैलाचा पत्रा मागितला होता, दप्तरावर मारायला. हा मोठा आहे, तुझ्या दप्तरावर मावायचा नाही, तुला तुझ्या हाताएवढा कापून आणतो, असं ते म्हणाले. पाऊस आला. ते आले नाहीत. गोदामावरून आलेल्या एका हमालानं सांगितलं की हमीदनं काम सोडलं, कुठं गेला माहीत नाही. गावात लोकांनी बाकीचं जुळवून टाकलं. मुंबईत दुसरं घर केलं असेल. बंदरावर काय, कुणीही भेटतं.

ऐकताना माझे कान तापले. मीही तेच करत होते की. गप्प बसलेल्या गोष्टीत आपल्याला हवं ते भरायचं, आणि वर हसायचं.

“अम्मीनं पयले भांडण केलं सगळ्याइसंग,” चाचा सांगत होते. “मंग थकली. मरेपर्यंत एकच म्हने, त्याले यायचंच नव्हतं. मले तेवढंच कळाले पायजे होतं आयुष्यभर. मेला त मेला, सगळेच मरतात. पण यायचं होतं का नव्हतं?”

सून चहा घेऊन आली, शबाना नावाची, हसऱ्या चेहऱ्याची. बशीत तिळाच्या वड्या होत्या, शेजारच्या मराठ्यांच्या घरून संक्रांतीच्या आलेल्या. आम्ही चहा प्यायलो. चाचांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि तिला दाखवायला लागले. भिंतीवर एवढे बैल कशाला, असं तिनं विचारलं. त्यावर ते जरा खुलले. रोज सकाळी शाई कालवली की पहिला हात गाठीवर मारायचा नाही, असा कायदा होता. शाई पातळ झाली असेल तर गाठ खराब होते. म्हणून पहिला हात भिंतीवर. त्याला सलामी म्हणत. एक बैल म्हणजे एक दिवस.

शबानानं बोटांनी फोटो मोठा केला आणि ते दोघं मोजायला लागले. काही बैल एकमेकांवर चढलेले होते, मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. मग चाचांनी हात वर केला. राहू दे, म्हणाले, एवढे दिवस होता, बस. त्यांचा आवाज बरा वाटत होता.

मी इतका वेळ लहान बैलाबद्दल बोलले नव्हते. त्यांनी हाताएवढ्या पत्र्याची गोष्ट सांगितली तेव्हाच मला तो आठवला होता. पण तो डावीकडे बघतो, त्याचं काय? समजा तो खरंच कुणाच्या तरी चुकीनं उलटा उमटलेला असला, दुसऱ्याच कुणाचा असला, तर? मी या माणसाला आणखी एक गोष्ट बनवून देणार का? मग मी सरळ विचारलं की चाचा, पत्रा चुकून उलटा मारला जायचा का कधी?

ते हसले. “चुकून? बाई, ज्यानं चुकून उलटा मारला त्याले दुसऱ्या दिवशी कामावर कोन ठेवन?”

उलटा मारायचाही कायदा होता. गाठ बंदरावर आली, भिजलेली निघाली किंवा कापसात काडीकचरा निघाला, तर ती जहाजावर चढायची नाही. तिच्यावर पत्रा उलटा करून बैल मारायचा, गावाकडे तोंड केलेला. बहुतेक हमालांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बैल कुठं बघतो ते सगळ्यांना कळायचं. सुलटा बैल जहाजावर, उलटा बैल घरी.

गल्लीतून एक ऑटो गेला. पत्रे हलले. मी फोन घेतला, पुढचा फोटो उघडला आणि त्यांच्या हातात दिला. भिंतीचा खालचा कोपरा. माझा हात. हाताशेजारी, तळहाताएवढा, लहान पोराच्या हाताएवढा, डावीकडे तोंड केलेला बैल. घंटीला दोन जोड.

त्यांनी पाहिलं. फोन गुडघ्यावर ठेवला. पुन्हा उचलून पाहिलं. शबाना त्यांच्या खांद्यावरून वाकली होती, तिला काय ते अजून कळलं नव्हतं. तिनं हळूच विचारलं, काय झालं अब्बा. चाचांच्या चष्म्याच्या आतून पाणी गालावर आलं, त्यांनी ते पुसलं नाही.

“निंघाला होता,” ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी सांगितलं की त्याचं पुढं काय झालं, तापानं गेला का गाडीखाली आला, ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि कळायला पाहिजे असंही नाही. पण पत्रा कापून झाला होता. त्याची सलामी दिली होती. आणि घरी जायच्या मालाची खूण केली होती.

मग मी माझं सगळं ओकून टाकलं. तीन वर्षं त्या बैलाला डुलकीबैल म्हणून मी लोकांना हसवलं होतं, मुकादमाची कानफटात, सगळं. मला वाटलं चिडतील. चिडायलाच हवं होतं. ते म्हणाले की लोक त्याच्यापाशी थांबत तर होते ना. तेवढ्या वर्षांत दुसरं कुणी थांबलं नव्हतं. मला त्या वाक्यानं जास्तच लाज वाटली. भिंत पाडणार आहेत, हेही सांगितलं. गाडी करून मुंबईला नेते, एकदा हात लावून या, असंही म्हटलं. त्यांनी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. आणि मग म्हणाले, “हात दे.”

मी हात पुढे केला. त्यांनी कोऱ्या पत्र्याचा तुकडा घेतला, माझा पंजा त्याच्यावर सपाट ठेवला, फोटोत होता तसाच, आणि खिळ्याच्या टोकानं बोटांभोवती रेघ ओढली. त्या मापावरून, फोटोकडे बघत बघत, पाऊण तासात त्यांनी बैल कापला. कातर फिरताना जीभ दातांत धरली होती, लहान मुलांसारखी. शबाना स्वयंपाकाला गेली. जाताना जेवून जायचं म्हणून मला बजावून गेली. वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी होती, आणि लाल तिखटाचा भुरका, ज्यानं माझं नाक-डोळे एक झाले. सगळे हसले. जेवणात चाचांनी मला समुद्राबद्दल विचारलं. भरती कधी येते, गोदामापर्यंत वास येतो का, रात्री भोंगे वाजतात का. मला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हटलं. फार अवघड गेलं नाही.

तीनच्या गाडीची वेळ होत आली. मी पिशवी उचलली तर त्यांनी थांबायला सांगितलं. शबानाचा आधार घेऊन, भिंतीला धरून, ते उठले. मी आल्यापासून ते पहिल्यांदाच उठले. पडवीतून घरात जायच्या दारापाशी भिंतीला निळा चुना दिलेला होता. त्यांनी कुंचा शाईत बुडवला, लहान पत्रा त्या भिंतीवर धरला. बैलाचं तोंड गल्लीकडे होतं. त्यांनी पत्रा उलटा केला आणि हात मारला.

शाई थोडी ओघळली. बैल उंबऱ्याकडे तोंड करून उभा होता, घराच्या आत जायला निघालेला. चाचा मागे सरकून त्याच्याकडे बघत होते. शबानानं दार पूर्ण उघडून त्याला खाली दगड लावला, आणि मी गाडी गाठायला निघाले तेव्हा ते तसंच उघडं होतं.